साडेसात टनांच्या जागी साडेपाच : एका दुमजली घरातील मध्यवर्ती वातानुकूलनाची निवड

मध्यवर्ती वातानुकूलन यंत्रणा बदलायची वेळ आली की पहिला प्रश्न बहुतेक वेळा 'किती टनांची घ्यायची' हाच असतो, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा जुन्या यंत्रावरची पट्टी वाचून दिले जाते. प्रस्तुत प्रकरणात उत्तर तसेच दिले गेले असते, तर घरात नवे यंत्र आले असते आणि जुनी तक्रार जशीच्या तशी राहिली असती. हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. घराची मापे आणि मोजणीचे आकडे या प्रकारच्या घरांत नेहमी आढळणाऱ्या मर्यादेतले आहेत, आणि हिशेब वाचकाला स्वतः पडताळून पाहता येईल अशा रीतीने मांडला आहे.

परिस्थिती

घर दुमजली असून प्रत्येक मजला सुमारे ११० चौरस मीटरचा आहे. छत सपाट काँक्रीट स्लॅबचे, त्यावर केवळ जलरोधक थर. उष्णतारोधक असे काहीच नाही. खिडक्यांची एकूण काच ३० चौरस मीटर, त्यांपैकी ९ चौरस मीटर पश्चिमेला, आणि त्या नऊपैकी ६ चौरस मीटर वरच्या मजल्यावरच्या शयनगृहांना. घरात पाच माणसे राहतात.

जुनी यंत्रणा साडेसात टनांची आणि स्प्लिट प्रकारची होती. कॉम्प्रेसर व कंडेन्सर घराबाहेर; थंड होणारी कॉइल आणि ब्लोअर तळमजल्यावरच्या कोठीच्या खोलीत; तिथून पत्र्याची मुख्य डक्ट, म्हणजे हवा वाहून नेणारी नळी, उभी वर चढते आणि दोन्ही मजल्यांच्या फॉल्स सीलिंगमधून लवचिक डक्टच्या फांद्या खोल्याखोल्यांत उतरतात. खोल्यांतली हवा यंत्राकडे परत नेणारी जाळी मात्र एकच, तळमजल्याच्या दिवाणखान्यात. थर्मोस्टॅटही त्याच भिंतीवर. यंत्रात उष्णता वाहून नेणारा आर-२२ हा जुना गॅस होता.

तक्रार अशी, की दुपारी चारच्या सुमारास वरच्या पश्चिमेकडच्या शयनगृहात तापमान २९ अंश सेल्सियसपर्यंत चढे आणि त्याच वेळी खाली दिवाणखान्यात ते साडेबावीस अंश असे. वर जरा तरी गारवा पोहोचावा म्हणून घरच्यांनी थर्मोस्टॅट २२ वर आणून ठेवला होता. खालची हवा गार होती खरी, पण प्रसन्न नव्हती; सापेक्ष आर्द्रता ६६ टक्के भरली, गाद्यागिरद्यांना ओलसर वास येई आणि कपाटाच्या मागे भिंतीला बुरशी धरू लागली होती. अशातच कॉम्प्रेसर जळाला, आणि दुरुस्ती की बदल हा प्रश्न निकाली निघाला.

तीन प्रस्ताव

पहिल्या कंत्राटदाराने साडेसात टनांच्या जागी साडेसात टन, नव्या गॅसचे आणि अधिक कार्यक्षमतेचे यंत्र सुचवले. दुसऱ्याने वरच्या मजल्याची तक्रार ऐकून घेतली आणि दहा टन सांगितले. वर गारवा कमी पडतो म्हणजे यंत्र कमी पडते, हा त्याचा तर्क ऐकायला सरळ होता आणि घरातल्या ज्येष्ठांना तो पटलाही होता. तिसऱ्याने मोजणी केल्याशिवाय आकडा देण्यास नकार दिला. त्यामुळे त्याचे काम सुरुवातीला लांबण लावण्याचे वाटले, हेही नोंदवले पाहिजे.

टन हे वजनाचे नव्हे, तर उष्णता काढून टाकण्याच्या वेगाचे माप आहे. २,००० पौंड बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तो वेग म्हणजे एक टन. ताशी १२,००० बीटीयू (बीटीयू हे उष्णतेचे ब्रिटिश एकक) किंवा सुमारे ३.५ किलोवॉट. 'इतक्या चौरस फुटांना एक टन' हे बाजारात रूढ असलेले कोष्टक सोयीचे आहे, पण ती सोय मुख्यतः विकणाऱ्याची आहे. त्या कोष्टकाला स्लॅब दिसत नाही, पश्चिमेची काच दिसत नाही आणि डक्ट तर मुळीच दिसत नाही. एकाच क्षेत्रफळाच्या दोन घरांच्या गरजेत दुपटीचा फरक सहज पडू शकतो. या प्रकरणात तर तो एकाच घराच्या दोन मजल्यांत पडलेला आढळला.

मोजणीत काय निघाले

कॉम्प्रेसर बंद असला तरी ब्लोअर चालू होता, त्यामुळे हवेची मोजणी करता आली. तापमानाची वाचने यंत्र चालू असतानाच्या काळातली, घरच्यांनी लिहून ठेवलेली होती.

साधारण संकेत असा, की प्रत्येक टनामागे मिनिटाला सुमारे ४०० घनफूट, म्हणजे व्यवहारातल्या भाषेत ४०० सीएफएम, हवा कॉइलवरून गेली पाहिजे. दमट हवामानात ती थोडी कमी, ३५० च्या आसपास ठेवतात. साडेसात टनांना ३,००० सीएफएम अपेक्षित होती. प्रत्यक्षात यंत्रापाशी २,४०० भरली, आणि सगळ्या खोल्यांच्या जाळ्यांवर मोजून केलेली बेरीज १,९५० एवढीच आली. मधली ४५० सीएफएम, म्हणजे जवळजवळ १९ टक्के हवा, वाटेतच गळत होती. ही गळती अपवादात्मक समजू नये. जुन्या डक्टमध्ये पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक हवा वाया जाणे ही नित्याची गोष्ट आहे. खोल्यांत पोहोचणाऱ्या १,९५० पैकी तळमजल्याला १,१०० मिळत होती आणि वरच्या मजल्याला ८५०.

यंत्र पुरेशी हवा का ओढत नव्हते याचे उत्तर दाबाच्या मोजणीत मिळाले. ब्लोअरला डक्ट, जाळ्या आणि फिल्टर यांचा मिळून जो विरोध सोसावा लागतो तो या यंत्रासाठी १२५ पास्कलच्या आत असायला हवा होता. तो २३५ पास्कल निघाला. त्यातला निम्म्याच्या आसपास वाटा परतीच्या एका जाळीचा आणि तिच्यामागच्या फिल्टरचा होता. जाळी जेमतेम पाव चौरस मीटरची. तिच्यातून हवा सेकंदाला चार मीटर वेगाने घुसत होती, जिथे दोन मीटर हा शहाणा वेग मानला जातो. दिवाणखान्यात सतत ऐकू येणारी शीळ, जिला घरचे 'यंत्राचा आवाज' म्हणत, ती या जाळीची होती. त्यात भर म्हणून धूळ अधिक पकडणारा दाट फिल्टर त्याच अरुंद चौकटीत बसवलेला होता. दाट फिल्टर वाईट नसतो, पण त्याला क्षेत्रफळ मोठे लागते. चौकट न वाढवता तो बसवला की ब्लोअरचा श्वास कोंडतो.

वरच्या मजल्याचे फॉल्स सीलिंग उघडल्यावर उरलेले चित्र दिसले. पश्चिमेच्या शयनगृहाकडे जाणारी लवचिक डक्ट तुळईखालून नेताना दाबून जवळजवळ चपटी झाली होती. पुढच्या सांध्यावरची कापडी चिकटपट्टी वाळून सुटली होती आणि तिच्याभोवतीचे इन्सुलेशन काळे पडले होते. असा काळा डाग हा ओलाव्याचा असेल असे अनेकांना वाटते. बहुधा तो धुळीचा असतो, कारण फटीतून जोराने निसटणारी हवा इन्सुलेशनमधून गाळली जाते आणि धूळ तिथेच राहते. गळतीची जागा शोधायला याहून चांगली खूण नाही. ही सगळी डक्ट तापलेल्या स्लॅबच्या थेट खाली असल्यामुळे यंत्रापाशी १३ अंशांना निघालेली हवा शेवटच्या जाळीपाशी १७ अंशांना पोहोचत होती.

तळमजल्याच्या दमटपणाची दोन कारणे निघाली. परतीच्या डक्टला कोठीच्या खोलीत एक फट होती आणि त्या खोलीला नळांच्या उभ्या शाफ्टचे तोंड उघडे होते. ब्लोअर त्या वाटेने बाहेरची गरम, दमट हवा घरात ओढून घेत होता. दुसरे कारण त्याहून साधे. थर्मोस्टॅटवर पंख्याचा खटका 'ऑटो' ऐवजी 'ऑन' वर होता. कॉइलवर जमलेले पाणी निथळून ड्रेन पाइपपर्यंत पोहोचायला काही मिनिटे लागतात. दुपारचे तास सोडले तर हे यंत्र सहा-सात मिनिटे चालून बंद पडे आणि ब्लोअर मात्र फिरत राही, म्हणजे कॉइलवरचे पाणी पाइपात न जाता वाफ होऊन पुन्हा खोल्यांत जाई. खटका बदलायला पैसा लागत नाही, हे घरच्यांना सांगितले तेव्हा त्यांना थोडे आश्चर्य वाटले.

उष्णताभाराचा हिशेब

बाहेर ३६ अंश व ४५ टक्के आर्द्रता, आत २५ अंश व ५० टक्के आर्द्रता, अशी स्थिती धरून दोन्ही मजल्यांचा हिशेब वेगवेगळा केला. आकडे किलोवॉटमध्ये आहेत.

| उष्णतेची वाट | तळमजला | वरचा मजला |
|---|---|---|
| छत | ० | ७.३ |
| भिंती | २.२ | २.२ |
| पश्चिमेच्या काचेतले ऊन | १.३ | २.७ |
| इतर ऊन आणि सर्व काचेतून वाहणारी उष्णता | १.८ | १.८ |
| माणसे, दिवे, उपकरणे | १.३ | ०.९ |
| बाहेरून येणारी हवा | १.५ | १.६ |
| एकूण | ८.१ | १६.५ |

एकूण २४.६ किलोवॉट, म्हणजे जवळपास ७ टन. जुने यंत्र साडेसात टनांचे होते. म्हणजे बेरीज पाहिली तर निवड बरोबरच होती, आणि फसगत नेमकी इथे होते. वरच्या मजल्याची गरज खालच्यापेक्षा दुप्पट, पण डक्ट आखताना हवा मजल्यांच्या क्षेत्रफळाप्रमाणे निम्मीनिम्मी वाटली गेली. गळती आणि दबलेली फांदी यांमुळे वरचा वाटा निम्म्याहूनही कमी झाला. आणि यंत्राने थांबायचे केव्हा हे ठरवणारा थर्मोस्टॅट ज्या मजल्याला गरज कमी त्या मजल्यावर बसवला गेला. वर आग असताना खालचा मजला 'पुरे' म्हणत होता आणि यंत्र त्याचे ऐकत होते.

दहा टनांच्या प्रस्तावाचे काय झाले असते तेही यावरून कळते. त्याला ४,००० सीएफएम हवा लागली असती आणि ती त्याच डक्टमधून जायची होती. विरोध हवेच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. २,४०० वरून ४,००० वर जायचे तर २३५ पास्कलचे साडेसहाशेच्या घरात गेले असते, आणि घरगुती ब्लोअर तेवढा दाब देऊच शकत नाही. हवा कमी पडली असती, कॉइल गोठण्याची वेळ आली असती, तळमजला आणखी लवकर गार होऊन यंत्र आणखी कमी वेळ चालले असते आणि दमटपणा वाढला असता. गळक्या रांजणात मोठ्या घागरीने पाणी ओतण्यासारखाच हा उपाय.

दमटपणाचा मुद्दा थोडा सविस्तर पाहण्यासारखा आहे, कारण यंत्र निवडताना तो हमखास मागे पडतो. विलिस कॅरियर यांनी १९०२ साली ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी जी यंत्रणा आखली, तिचा हेतू कामगारांना गारवा देण्याचा नव्हता. हवेतल्या ओलाव्याने कागद फुगत-आकसत असल्याने रंगांची छपाई जुळत नव्हती, आणि तो ओलावा काबूत आणायचा होता. म्हणजे या यंत्राचे दुसरे काम मुळात पहिले होते. या घराच्या एकूण भारापैकी सुमारे २.२ किलोवॉट भार हा ओलाव्याचा आहे. तो काढायचा म्हणजे दर तासाला साधारण ३ लिटर पाणी हवेतून ओढून ड्रेनमध्ये सोडायचे. हे काम यंत्र दीर्घकाळ, संथपणे चालत राहिले तरच होते. वाजवीपेक्षा मोठे यंत्र तापमान झटपट खाली आणते आणि पाणी काढण्याआधीच थांबते. 'मोठे घेतले तर बिघडते कुठे' या नेहमीच्या प्रश्नाला हे उत्तर आहे.

आधी घर, मग डक्ट

तक्त्यातली सर्वांत मोठी रक्कम छताची आहे, आणि ती यंत्राने फेडण्याची गरज नव्हती. स्लॅबवर ५० मिलिमीटर जाडीचा उष्णतारोधक फोमचा थर आणि त्यावर फिकट रंगाचे आच्छादन घातल्यावर छतातून येणारी उष्णता ७.३ वरून १.२ किलोवॉटवर येते. पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून सावली दिली की तिथले ४ किलोवॉट १.२ वर येतात. सावली बाहेरूनच हवी, हे आग्रहाने सांगावे लागले. आतला पडदा ऊन अडवतो तेव्हा ते काचेतून आत आलेले असते आणि त्यातला बराचसा भाग उष्णता होऊन खोलीतच राहतो.

या दोन कामांनी तळमजल्याचा भार ७.२ आणि वरच्या मजल्याचा ८.५ किलोवॉट झाला. एकूण १५.७ किलोवॉट, म्हणजे साडेचार टन. अडीच टनांची गरज कोणतेही यंत्र न घेता संपली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दोन मजल्यांतली दरी जवळजवळ बुजली, आणि ती दरी हेच मूळ दुखणे होते. कामाचा क्रम इथे निर्णायक ठरतो. यंत्र आधी घेऊन स्लॅबचे काम पुढच्या वर्षावर ढकलले असते, तर नवे यंत्र एका वर्षासाठी पुरेसे आणि उरलेल्या आयुष्यभरासाठी मोठे ठरले असते. घरमालकांचा कल सुरुवातीला तसाच होता, कारण उकाडा आजचा होता. त्यांनी काही आठवडे खिडकीत बसणाऱ्या एका साध्या एसीवर काढले, हे या प्रकरणातले मला सर्वांत शहाणपणाचे पाऊल वाटते.

यंत्र कोणते

चार पर्याय टेबलावर होते. त्यांपैकी जुन्यासारखेच, एका वेगाने चालणारे एक यंत्र पहिल्याच फेरीत बाद झाले.

दुसरा पर्याय असा, की एकच इन्व्हर्टर, म्हणजे गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारे, यंत्र घ्यायचे आणि दोन मजल्यांच्या डक्टमध्ये मोटरवर चालणारे डॅम्पर, म्हणजे हवेच्या झडपा, बसवून, प्रत्येक मजल्याला स्वतंत्र थर्मोस्टॅट देऊन हवा वळवायची. कागदावर ही रचना देखणी आहे. अडचण रात्री येते, जेव्हा फक्त वरची शयनगृहे सुरू असतात. यंत्र किमान वेगावर आले तरी हवेला पुरेशी वाट हवी असते. ती मिळावी म्हणून काही ठिकाणी थंड हवेचा काही भाग थेट परतीच्या डक्टमध्ये सोडणारी आडवाट ठेवतात. त्याने आधीच गार असलेली हवा पुन्हा कॉइलवर येते आणि कॉइल गोठण्याचा धोका वाढतो. शिवाय तळमजल्यावरून वर जाणारी जुनी उभी डक्ट मुळातच अरुंद होती, आणि ती रुंद करायची तर भिंत फोडावी लागली असती.

तिसरा पर्याय व्हीआरएफचा. एका बाहेरच्या यंत्राला अनेक खोल्यांतली कॉइल-युनिटे तांब्याच्या नळ्यांनी जोडण्याची ही पद्धत डायकिन कंपनीने १९८२ साली व्हीआरव्ही या नावाने आणली. प्रत्येक खोलीचे तापमान वेगळे हवे असेल, खोल्या पुष्कळ असतील आणि डक्टला जागा नसेल, तेव्हा ती उत्तम ठरते. या घरात मात्र डक्टसाठी जागा होतीच आणि गरज दोनच विभागांची होती. त्यासाठी घरभर गॅसच्या नळ्या आणि त्यांचे अनेक सांधे वागवणे हे मला अनावश्यक वाटते. अशा यंत्रणेत गळती शोधणे जिकिरीचे असते आणि नियंत्रणाच्या सुट्या भागांसाठी एकाच उत्पादकावर अवलंबून राहावे लागते. थंड पाणी फिरवणारी चिलर यंत्रणा या आकाराच्या घरासाठी विचारात घेण्याचे कारणच नव्हते.

निवड झाली ती चौथ्या पर्यायाची : प्रत्येक मजल्यासाठी स्वतंत्र, डक्टवर चालणारे इन्व्हर्टर यंत्र. वरच्या मजल्याचे इनडोर युनिट वरच्याच मार्गिकेच्या फॉल्स सीलिंगमध्ये बसते, त्यामुळे उभी डक्ट बाद होते आणि फांद्या आखूड होतात. परतीची जाळी आणि थर्मोस्टॅट ज्या त्या मजल्यावर येतात. एक यंत्र बंद पडले तर निम्मे घर तरी चालू राहते. याची किंमत अशी, की बाहेर दोन युनिटे, विजेच्या दोन स्वतंत्र लाइनी, दोन ड्रेन आणि देखभालीच्या दोन नोंदी सांभाळाव्या लागतात. वरच्या युनिटखाली जास्तीचा पाणी-तबक आणि तबक भरले की यंत्र थांबवणारा फ्लोट स्विच हे ऐच्छिक न मानता अटीत घातले गेले, कारण तिथला ड्रेन तुंबला तर पाणी थेट खालच्या छतावर येते.

टनांचा आकडा ठरवताना आणखी एक बाब पाहावी लागली. यंत्रावर लिहिलेली क्षमता प्रयोगशाळेतल्या ठरावीक स्थितीतली असते : बाहेर ३५ अंश आणि आत २७ अंश. इथे आत २५ अंश हवे आहेत आणि बाहेर ३६ धरले आहेत, म्हणून प्रत्यक्ष क्षमता काही टक्क्यांनी कमी भरते. उत्पादकाच्या सविस्तर तक्त्यात ती पाहता येते. तळमजल्याच्या ७.२ किलोवॉटला दोन टन, म्हणजे कागदावरचे ७ किलोवॉट, अपुरे होते, म्हणून अडीच टन घेतले. वरच्या ८.५ मध्ये डक्टमधली वाढ धरून ८.९ किलोवॉट झाले, आणि त्याला तीन टन. एकूण साडेपाच. इन्व्हर्टर यंत्र भार कमी असताना वेग उतरवून चालत राहते, त्यामुळे ही थोडी शिल्लक ओलाव्याच्या आड येत नाही. एका वेगाच्या यंत्रात एवढी शिल्लकही खटकली असती.

कार्यक्षमतेच्या आकड्यांवर बरीच चर्चा झाली. ईईआर हा एका ठरावीक स्थितीतला आकडा आहे; विजेच्या दर वॅट-तासामागे किती बीटीयू उष्णता निघते ते तो सांगतो. सीअर हा संपूर्ण हंगामातल्या कमी-अधिक भारांची सरासरी दाखवतो आणि म्हणून इन्व्हर्टर यंत्रांना तो उजवा दिसतो. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून सीअर-२ लागू झाला. त्यात चाचणी करताना डक्टचा विरोध आधीपेक्षा वास्तवाच्या जवळ जाणारा धरतात, त्यामुळे त्याच यंत्राचा आकडा थोडा खाली येतो. जुना आणि नवा आकडा शेजारी ठेवून तुलना करणे चूक आहे, आणि विक्रीपत्रकांत ती होताना दिसते. २३५ पास्कल विरोधाच्या डक्टवर बसवलेल्या यंत्राला यांपैकी कोणताही आकडा लागू पडत नाही.

गॅसचा प्रश्न लवकर सुटला. आर-२२ ओझोन थराला घातक असल्याने १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार तो जगभर टप्प्याटप्प्याने बंद होत आला आहे. त्याच्या जागी आलेला आर-४१०ए ओझोनला अपाय करत नाही, पण त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या २,०८८ पट आहे, आणि त्याच कराराच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीने अशा गॅसांनाही उतरणीला लावले आहे. आर-३२ साठी हा आकडा ६७५ आहे आणि आर-४५४बी साठी ४६६. हे दोन्ही सौम्य ज्वलनशील वर्गातले आहेत, त्यामुळे गॅसचे एकूण वजन, खोलीचे आकारमान आणि गळती ओळखणारा सेन्सर यांबाबतचे उत्पादकाचे नियम काटेकोर पाळावे लागतात. आर-३२ ची निवड झाली. जुन्या तांब्याच्या नळ्या वापरण्याची सूचना नाकारली गेली : त्यांत आर-२२ सोबतचे खनिज तेल, जळालेल्या कॉम्प्रेसरचे आम्ल आणि काजळी होती, आणि नव्या गॅसचा दाब दीडपटीहून अधिक असतो.

बसवणी, चाचणी आणि एक राहिलेली खोली

यंत्रांपेक्षा डक्टच्या कामाला अधिक दिवस लागले. सांधे चिकटपट्टीऐवजी मॅस्टिक या लेपाने बंद केले, लवचिक डक्ट ताणून सरळ आणि शक्य तितकी आखूड ठेवली, परतीच्या जाळ्या हवेचा वेग सेकंदाला दोन मीटरच्या आत राहील एवढ्या मोठ्या केल्या आणि शाफ्टचे तोंड बंद केले. घर असे घट्ट झाले की ताज्या हवेची सोय मुद्दाम करावी लागते. वरच्या परतीच्या डक्टला फिल्टर आणि डॅम्पर लावून बाहेरची सेकंदाला सुमारे ५० लिटर हवा घेण्याची वाट दिली. हिशेबात बाहेरची हवा आधीच धरलेली असल्याने टनांवर त्याचा परिणाम झाला नाही.

गॅस भरण्याआधी नळ्यांची नायट्रोजनच्या दाबावर गळती-तपासणी झाली, मग पंप लावून निर्वात ५०० मायक्रॉनच्या (इथे हे उरलेल्या दाबाचे माप) खाली नेऊन तो टिकतो का हे पाहिले. ही पायरी घाईत गाळली जाते, आणि आत राहिलेला ओलावा पुढे तेलाशी मिळून आम्ल तयार करतो; कॉम्प्रेसर जळण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. कंत्राटाचा शेवटचा हप्ता मोजणीच्या आकड्यांशी बांधलेला होता, यंत्र 'चालू होण्याशी' नव्हे.

वरच्या मजल्यावर आता १,१३० सीएफएम हवा पोहोचते आणि तळमजल्यावर ९००. एकूण हवा जवळपास पूर्वीएवढीच आहे. वाटणी उलटली आहे. डक्टची गळती पाच टक्क्यांच्या आत आणि विरोध दोन्ही यंत्रांवर ११० पास्कलच्या आसपास आहे. दुपारी चारला दोन्ही मजले २५ अंशांच्या एका अंशात राहतात आणि तळमजल्याची आर्द्रता ५० ते ५५ टक्क्यांत स्थिरावली आहे. यंत्र तासन्‌तास संथपणे चालू असते, त्यामुळे 'हे बंदच होत नाही' अशी तक्रार पहिल्या आठवड्यात आली. वेग उतरवून चालत राहणे हेच त्याचे काम आहे, हे विजेच्या मीटरवर प्रत्यक्ष दाखवावे लागले.

पश्चिमेचे एक शयनगृह मात्र दार लावले की दीड-दोन अंशांनी चढत असे. खोलीत हवा येत होती, पण परतीची जाळी मार्गिकेत असल्याने दार बंद झाल्यावर तिला बाहेर पडायला वाट नव्हती. दाराच्या दोन्ही बाजूंमधला दाबाचा फरक ९ पास्कल भरला, जिथे तो ३ च्या आत हवा. दार खालून कापण्याऐवजी दारावरच्या भिंतीत आरपार जाळी बसवली, आवाज थेट जाऊ नये म्हणून तिची दोन तोंडे वर-खाली ठेवली, आणि फरक २ पास्कलवर आला. हवा, दाब आणि गॅसची सर्व वाचने दोन्ही युनिटांच्या झाकणांच्या आत चिकटवून ठेवली आहेत. पुढच्या सर्व्हिसला येणाऱ्या कारागिराने गॅस 'टॉप-अप' करण्याआधी ती पाहावीत, अशी अट देखभालीच्या करारात लिहिली आहे.